शब्दचर्चा: ‘पारायण’, ‘वाचन’ की ‘पोथी लावणे’?

धागाकर्ती
आमच्या वाचनगटात सध्या ख्रिस्तपुराण चालू आहे, म्हणजे थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्र्यानं बायबलमधली कथा सांगायला रचलेलं मराठी काव्य. गटात ख्रिस्ती कोणीच नाही. सोसायटीच्या फलकावर सूचना लावायची होती, तर मजकुरावरून जुंपली. एका काकांनी लिहिलं, ‘ख्रिस्तपुराणाचे पारायण’. दुसऱ्यांनी ते खोडून ‘परधर्मीय ग्रंथाचे सामूहिक वाचन’ केलं. पहिलं मला चुकीचं वाटतं, दुसरं कानाला बोचतं. काय लिहावं?

प्रतिसाद १
पारायण म्हणजे पार जाणं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गुरुचरित्राचं सप्ताहात करतात तसं. त्या त्या दिवसाचे अध्याय त्या त्या दिवशी संपवायचे, ‘हे असं का?’ म्हणून मध्येच थांबायचं नाही. सैल अर्थानं आपण एखाद्या विनोदी पुस्तकाचीही ‘पारायणं’ करतो, पण तिथे अनेकवचन येतं: पुन्हापुन्हा वाचलं, एवढंच. तुमचा गट ओवी-ओवीला अडत असेल तर ते पारायण नव्हे. (शिवाय जवळपास ११ हजार ओव्या सप्ताहात उरकून दाखवाच.)

प्रतिसाद २
आधी ‘परधर्मीय’ काढा. गीतेतल्या ‘परधर्मो भयावहः’मधला धर्म म्हणजे वाट्याला आलेलं कर्तव्य; ज्ञानेश्वरांनीही तिसऱ्या अध्यायात ते तसंच उलगडलंय. पण आज तो शब्द नुसता ऐकला तरी ‘भयावह’ मागोमाग येतंच. ‘अन्यधर्मीय’ म्हटलं तर सरकारी परिपत्रक वाटतं. ग्रंथाचं नाव लिहिलंत की तो कोणाचा ते कळतंच, मग विशेषण हवं कशाला?

धागाकर्ती
पटलं. मग साधं ‘वाचन’?

प्रतिसाद ३ (वसईहून)
तुम्हाला साधं वाटतं, आम्हाला नाही. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पहिलं वाचन, दुसरं वाचन, मग शुभवर्तमान. ‘आज वाचन कोणाचं?’ म्हणजे पुढे जाऊन कोण वाचणार. तिथे चर्चा नसते, प्रवचन फादर करतात, आपण ऐकायचं. ‘ख्रिस्तपुराणाचे वाचन’ असा फलक दिसला तर मी तरी चर्चचाच कार्यक्रम समजेन.

प्रतिसाद ४
‘ग्रंथवाचन’ही मोकळं नाही. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतात, त्याला ग्रंथवाचन किंवा ग्रंथपठण म्हणतात. पोथी, पारायण हे शब्द आम्ही मुद्दामच टाळतो. कारण सांगायला नको.

प्रतिसाद ५
‘पोथी लावणे’ कोणालाच कसं सुचलं नाही? चातुर्मासात देवळात पोथी लावायचे. एक जण वाचणार, अर्थ सांगणार, वाती वळत बसलेली एखादी आजी मध्येच शंका काढणार. तुमच्या गटाचं याहून वेगळं काय चाललंय? स्टीफन्सच्याही नजरेसमोर हाच श्रोता होता. गोव्याच्या सासष्टीतल्या नवख्रिस्त्यांना जुन्या पोथ्यांची बंदी होती, त्यांच्या जागी काहीतरी हवं म्हणून हे पुराण. १६१६ साली रायतूरला छापलं ते रोमन लिपीत, पण रचलं मराठी ओवीतच.

धागाकर्ती
हे बसतंय. पहिली ओवी, ‘वो नमो विश्वभरिता । देवा बापा सर्वसमर्था’, एका आजींनी ओवीच्या चालीत म्हटली. ‘वो नमो’ला दोघातिघांचे हात आपसूक जोडले गेले, आणि ‘देवा बापा’ला सगळे थबकले. आपण विठ्ठलाला मायबाप म्हणतो, तोच का हा बाप? पाऊण तास त्यावरच गेला. शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांतला हा पिता, एवढ्यावर आलो. ‘वैकुंठ’चंही तेच: स्वर्गासाठी वापरलंय, विष्णूशी संबंध नाही. फार्सी-पोर्तुगीज शब्द अडले की आम्ही कोश उघडतो. ओळखीच्या शब्दाला कोण कोश बघतंय! पारायणात हा पाऊण तास मिळाला नसता.

प्रतिसाद ३
अर्थ बरोबर लावलात. पण ‘पोथी’ वाचून आमची माणसं दारातूनच परत फिरतील हो. आमच्यापैकी कोणी यावं असं वाटत असेल तर विचार करा.

धागाकर्ती
यावं असं वाटतं, फार वाटतं. मग ‘पोथी’ गाळून क्रियापद तेवढं ठेवलं तर? ‘दर शनिवारी संध्याकाळी ख्रिस्तपुराण लावले आहे.’

प्रतिसाद १
चालेल. दूध लावतो, पेपर लावतो, शिकवणी लावतो, तसंच हे. नेमानं चालणार हे कळतं आणि कोणाच्या देवळाचा वासही येत नाही. फक्त खाली ‘मध्येच थांबवून विचारावे’ एवढं लिहा. नाहीतर ‘काय पुराण लावलंय!’ यातलं पुराण समजून कोणी फिरकणार नाही.