मानेच्या मणक्याची दुखापत आणि सरावात न वाढणारे ठोके

कृष्णाकाठ (सांगली):
माझ्या २४ वर्षांच्या धाकट्या भावाला अपघातात मानेच्या सातव्या मणक्यापाशी मज्जारज्जूची पूर्ण इजा झाली आहे. आपल्याच जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात मिळवलेल्या सुवर्णपदकाविषयी वाचल्यापासून त्याने व्हीलचेअर शर्यतीचा ध्यास घेतला आहे. वयाच्या हिशेबाने त्याचे ठोके मिनिटाला १९० च्या पुढे जायला हवेत, असे प्रशिक्षक म्हणतात. प्रत्यक्षात दंड थरथरेपर्यंत चाके रेटूनही घड्याळातील आकडा १२० च्या वर चढत नाही. तो अंग चोरतो, असा त्यांचा समज झाला आहे आणि हा समज मला सहन होत नाही. ठोके का वाढत नसावेत, आणि मग सरावाचा जोर कशावरून ठरवावा?

मिरजेचा फिजिओ:
आपला भाऊ अंग चोरत नाही, हे प्रशिक्षकांना निःसंकोच सांगावे. ठोके वाढवण्याचा संदेश मेंदूकडून मानेतील मज्जारज्जूतून खाली येतो आणि छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांच्या पातळ्यांवरून सिम्पथेटिक नसांवाटे हृदयाकडे जातो. मानेतच पूर्ण इजा झाली की ही वाट बंद होते. ठोके मंद ठेवणारी व्हेगस नस मात्र मेंदूतून थेट येत असल्याने शाबूत राहते. व्यायामात तिचा लगाम सैल होतो, तेवढ्यापुरतेच ठोके वाढतात आणि साधारण ११० ते १३० च्या दरम्यान थांबतात. २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र येथे लागूच पडत नाही.

त्याऐवजी बोर्गची ६ ते २० ची श्रमपट्टी वापरावी, म्हणजे किती दम लागला हे त्यानेच आकड्यात सांगावे, आणि प्रत्येक फेरीचा वेळ वहीत टिपावा. तेवढ्याच श्रमात वेळ कमी होत गेला, तर सराव अंगी लागतो आहे.

अजिंक्यतारा (सातारा):
मी स्वतः शर्यतीची व्हीलचेअर चालवतो. माझी इजा कमरेजवळ असल्याने माझे ठोके व्यवस्थित वाढतात. तेव्हा दोघांचे आकडे शेजारी मांडून तुलना करणे मला अन्यायाचे वाटते. उन्हाची मात्र आत्तापासून काळजी घ्या. मानेतील इजेमुळे तुमच्या भावाला घाम जवळजवळ येणारच नाही आणि नुसते पाणी पिऊन ती उणीव भरून निघत नाही, म्हणून फवाऱ्याची बाटली जवळ ठेवून चेहरा, मान आणि दंड सतत ओले करत राहावे.

कृष्णाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. लांबच्या सरावात कधी कधी त्याचे डोके एकदम ठणकते आणि चेहरा लाल होतो. हे उन्हामुळेच होत असेल ना?

मिरजेचा फिजिओ:
कृपया हे उन्हावर ढकलू नका. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर, म्हणजे आपल्या भावासारखी मानेत, इजा असलेल्यांमध्ये भरलेले मूत्राशय, लघवीसाठी बसवलेल्या कॅथेटरची मुडपलेली नळी किंवा आवळलेला पट्टा एवढ्या कारणानेही रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढतो. त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. अशा वेळी सराव तत्काळ थांबवून, त्याला आडवे न करता ताठ बसवावे, पट्टे सैल करावेत, नळी तपासावी आणि मूत्राशय रिकामे करावे. तरीही रक्तदाब उतरला नाही, तर विनाविलंब रुग्णालयात न्यावे. अशा रुग्णांचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११० च्या आसपास असतो, त्यामुळे इतरांना किरकोळ वाटणारा १४० चा आकडाही त्याच्यासाठी मोठा आहे, हे तेथील डॉक्टरांना इजेच्या पातळीसह आवर्जून सांगावे.