'हार्डवेअरच्या मर्यादा' बरोबर आहे का? चिपट्यूनसाठी शब्द हवाय

दांडियाबजार

नमस्कार मंडळी. भाचा इथे वडोदऱ्यात इंजिनिअरिंगला आहे, राहतो आमच्याकडेच. त्याला चिपट्यूनचं वेड आहे. चिपट्यून म्हणजे जुन्या व्हिडिओगेमच्या किंवा घरगुती कॉम्प्युटरच्या ध्वनिचिपवर, नाहीतर तिची हुबेहूब नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर रचलेलं संगीत. नव्वदच्या दशकात ज्यांनी टीव्हीला गेम जोडून 'कॅसेट'मध्ये फुंकर मारमारून तो चालू केलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

या विषयावर त्याला मराठीत दहा मिनिटं बोलायचंय. कागद तपासायला माझ्याकडे आला. पहिलंच वाक्य: 'हार्डवेअरच्या मर्यादांमुळे चिपट्यून घडलं.' व्याकरणात खोट नाही, पण मला 'मर्यादा' टोचतेय. मर्यादा पाळतात, सोडतात, ओलांडतात. म्हणजे ओलांडायची सोय असली तरच ती मर्यादा. १९८३ च्या निन्टेंडो फॅमिकॉम या गेमयंत्रात पाच चॅनेल, म्हणजे एका वेळी वाजू शकणारे पाच आवाज होते: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारा. सहावा हवा असेल तर काय ओलांडणार?

सयाजीरावांच्या काळात, १९३१ साली, याच गावातून शासनशब्दकल्पतरू हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला. कारभारातल्या शब्दाशब्दाला पर्याय शोधून झाले. आपल्याला एक सापडू नये?

पेटीवाला

बंदिश! मूळ अर्थच बांधणं. दोन ओळींत राग बांधायचा. आणखी काय हवं?

दांडियाबजार

काका, माझ्याही तोंडावर आधी तोच आला होता. पण बंदिश गवई स्वतः बांधतो. इथे कारखान्यातल्या इंजिनिअरने बांधून ठेवलंय आणि गाणाऱ्याला त्यात बसायचंय. शिवाय गवई मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली तेव्हापासून या गावात बंदिश म्हटलं की चीजच डोळ्यासमोर येते. सुरसागर तळ्यासमोरून जाताना कुणाला चिप आठवणार नाही.

सोल्डरवाला

मी दुरुस्तीतला माणूस, भाषेतला नाही. आमच्याकडे सरळ विचारतात, 'हिची ऐपत किती?' कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरमधल्या सिड या ध्वनिचिपची ऐपत तीन आवाजांची. हातात धरून खेळायच्या गेमबॉयची चार चॅनेलची. ऐपतीला कुणी ओलांडत नाही, आहे त्यात घर चालवतात.

आणखी एक शब्द देतो: खोड. सिडची पहिली आवृत्ती ६५८१. तिच्यात आवाजाची पातळी बदलली की बारीक 'टिक' यायची. मुळात हा दोष. पण पातळी भराभर वरखाली करून त्या टिकटिकीतूनच लोकांनी ढोल आणि माणसाचे बोल वाजवले, तीन आवाजांच्या वर चौथा फुकटात. पुढे ८५८० आली, तिच्यात दोष जवळजवळ काढून टाकला. आता जुनी गाणी तिच्यावर लावली की ढोल ऐकूच येईनात! मग लोकांनी बोर्डावर रेझिस्टर जोडून ती खोड परत लावून घेतली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे गेलेली खोड डाग देऊन आणावी लागली.

दांडियाबजार

'ऐपत' उचलला. आणि तुमच्या 'घर चालवतात'वरून मला क्रियापद सापडलं: भागवणे.

काल रात्री भाचा लॅपटॉपवर काम करत होता, मी शेजारी पेटी घेऊन बसलो होतो. त्याने एका चॅनेलच्या रकान्यात एकच सूर लिहिला आणि पुढे ०४७ असा आकडा टाकला. एकदम सा-ग-प एकत्र वाजल्यासारखं झालं, पण काचेच्या गोट्या घरंगळाव्यात तसं खुळखुळत. मी विचारलं, 'एका चॅनेलमध्ये तीन सूर कसे?' तर म्हणे, 'मामा, तीन नाहीतच. एका वेळी एकच आहे.' शून्य म्हणजे सा, चार पट्ट्या पुढे शुद्ध गंधार, सात पट्ट्या पुढे पंचम. चिप सेकंदाला ६० वेळा पुढचा सूर घेते, म्हणजे सा-ग-प ची फेरी सेकंदाला २० वेळा होते. कान तिन्ही एकत्र समजतो. ०३७ टाकलं की गंधार कोमल. मी पेटीवर एका बोटाने करून पाहिलं. बोट राहिलं बाजूला, भाताच दमला.

इंग्रजीत याला अर्पेजिओ म्हणतात, पण तो शब्द हार्प या तंतुवाद्यावर सूर एकामागून एक छेडण्याचा. तिथे वादकाला तिन्ही तारा हाताशी असतात. इथे तिघांच्या जेवणात एकच पोळी आहे. मराठीत 'भागणे'चे दोन्ही अर्थ इथे लागू पडतात: एक वाटणी होणं, दुसरा गरज पुरी होणं. वेळेची वाटणी केली आणि गरज भागली. त्रिकोणी चॅनेलचंही तेच. त्याला आवाज लहानमोठा करायची सोयच नाही, वाजेल किंवा गप्प बसेल. तरी तो खर्ज धरून असतो आणि मध्येच सूर झपकन खाली घसरवून ढोलाचा ठोकाही काढून देतो. एका माणसावर दोन कामं भागवली.

फतेहगंज

शब्द गोड आहे, पण आजच्या लोकांना लावू नका. मीही चिपट्यून करते, फर्नेस नावाच्या ट्रॅकरवर, म्हणजे रकान्यांत सूर लिहायच्या सॉफ्टवेअरवर. ते फुकट मिळतं, त्यात ढीगभर चिपा आहेत, एका गाण्यात अनेक एकत्र लावता येतात. मला काहीच भागवावं लागत नाही. तरी मी गेमबॉयचे चारच चॅनेल घेऊन बसते. आई म्हणते तसं, उपास घडणं वेगळं आणि उपास धरणं वेगळं. ऐंशीच्या दशकातल्या लोकांना उपास घडला. आम्ही धरतो, साबुदाण्याच्या खिचडीसकट.

दांडियाबजार

खिचडी म्हणजे नेमकं काय?

फतेहगंज

गाणं चार चॅनेलमध्येच करायचं, पण शेवटी कॉम्प्युटरवर थोडा घुमारा (रिव्हर्ब) घालायचा. अट्टल लोक नाकं मुरडतात.

पेटीवाला

बंदिश गेली, ठीक. पण हे रकाने काय आहेत? ट्रॅकर, ट्रॅकर ऐकतोय सकाळपासून. 'खतावणी' म्हणा की.

दांडियाबजार

दिसते खतावणीच. पाश्चात्त्य स्वरलिपीच्या आडव्या रेघांवर सूर डावीकडून उजवीकडे जातात, ट्रॅकरमध्ये काळ वरून खाली उतरतो आणि प्रत्येक चॅनेलला उभा रकाना. आधीचे लोक, रॉब हबर्डसारखे गेमचे संगीतकार, सूर थेट असेंब्ली कोडमध्ये, म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञांतच मांडायचे. कार्स्टन ओबार्स्कीने १९८७ मध्ये अमिगा कॉम्प्युटरसाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर काढला आणि हे रकाने आले. खतावणी नको मात्र. ती ऐकली की दिवाळीतलं चोपडापूजन आठवतं. ट्रॅकर ट्रॅकरच राहू द्या.

पण तुम्ही रकान्यांचा विषय काढलात ते बरं केलंत, कारण 'मर्यादा' मला इथे सापडली. त्या जुन्या ट्रॅकरचं पान ६४ ओळींचं. गेमबॉयवरच्या एलएसडीजे या ट्रॅकरमध्ये फ्रेज, म्हणजे गाण्याचा एक तुकडा, १६ ओळींची. सोळा! उघडताक्षणी तीनताल मांडून ठेवलेला. भाच्याची सगळी गाणी सोळाला वळतात, त्याला वाटतं ही चिपची देन. चिपला मात्रा कळतच नाहीत. मी त्याला झपताल करायला लावला, तर दहाव्या ओळीनंतर उडी मारायची आज्ञा घालून तोही झाला. म्हणजे ही मर्यादा ओलांडता येत होती, कुणी ओलांडत नव्हतं इतकंच. म्हणून माझं म्हणणं: ऐपत चिपची, मर्यादा सॉफ्टवेअरची.

फतेहगंज

पटलं. तरी झपतालाला मला ट्रॅकर फावत नाही.

पेटीवाला

हे 'फावत नाही' फक्त वडोदऱ्याचं हं. पुण्यात म्हणालात तर विचारतील कुणाचं फावलं नाही.

सोल्डरवाला

एक राहिलं. चौकोनी लहरीच्या रुंदीला, म्हणजे एका फेरीतला किती वेळ ती वर असते त्या 'ड्यूटी सायकल'ला, मराठीत काय म्हणता? फॅमिकॉमवर चार मिळतात: १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के.

पेटीवाला

अरे, हे तर दोन आणे, चार आणे, आठ आणे, बारा आणे!

दांडियाबजार

काका, कमाल केलीत. दोन आण्याचा आवाज पातळ, पिपाणीसारखा. आठ आण्याचा पोकळ बांबूतून आल्यासारखा.

सोल्डरवाला

आणि बारा आणे कानाला चार आण्यांसारखेच लागतात, लहर फक्त उलटी. त्या चॅनेलवर आवाजाच्या पातळ्याही सोळाच, पण मोजणी शून्यापासून. म्हणजे जास्तीत जास्त पंधरा आणे.

दांडियाबजार

भाच्याने कागदावर 'ड्यूटी सायकल' खोडून 'आणेवारी' लिहिलंय. आणा म्हणजे काय, ते आता विचारतोय.