हेड पॅकिंग घरीच बदलायचंय, सल्ला द्या

शिवार_परभणी:
800 सीसीची जुनी पेट्रोल गाडी, तीन सिलिंडर, टायमिंग बेल्ट. रेडिएटरचं पाणी कमी व्हायलंय, बाहेर थेंब नाही. गार इंजिन चालू केलं की मिनिटभरात वरचा होस टणक होतो. गरम झाल्यावरही पांढरा धूर यायलाय. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय आहे. गोटी पाना सेट आहे. घरी जमेल का, काय आणून ठेवू?

गोटीपाना:
जमेल. झाकणाखालच्या सायीवर मात्र एकट्या जाऊ नका. थंडीत जवळजवळच्या फेऱ्या मारल्या तरी ती जमते. होस टणक होणं ही जास्त भक्कम खूण आहे, सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतोय, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग गेलंय. तरी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावाच. शेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम पडलं असेल तर पॅकिंग त्या दोघांच्या मध्ये फाटलंय.

सामान: पूर्ण हेड पॅकिंग सेट, टायमिंग बेल्ट, थर्मोस्टॅट, ऑइल, फिल्टर, कूलंट. एकदाच वापरायचे हेड बोल्ट असतील तर तेही नवे. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) उसना आणा, पण आणाच. हाताच्या अंदाजावर हेड आवळू नका भाऊ.

लातूर_बोरिंग:
खोलताना इंजिन पूर्ण गार हवं, गरम हेड उघडलं की वाकतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पाणी ब्लॉकमधूनही सोडा. बेल्ट काढण्याआधी क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवून फोटो काढा. हेड बोल्ट कडेकडून मध्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करा. हेड चिकटलं तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका, लाकडी हातोडीने कडेला ठोका. काढलेलं हेड पालथं ठेवलं तर उघडे वॉल्व्ह वाकतात. दोन लाकडी ठोकळ्यांवर टेकवा.

मग हेड वाकलंय का ते बघायला सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती). लांबीत, रुंदीत, दोन्ही कर्णांत बघा. 0.05 मिमीचं पातं शिरलं तर हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला द्या. बोरिंगवाल्याला सांगा, लेव्हल येण्यापुरतंच घ्या. जास्त घेतलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन ठोकायला लागतं. वॉल्व्हच्या मध्ये तडा आहे का तेही प्रेशर टेस्टने तपासून घ्या. तडा राहिला तर नवं पॅकिंगही टिकणार नाही.

शिवार_परभणी:
जुनं पॅकिंग चिकटून राहिलं तर ग्राइंडरची डिस्क चालेल का? आणि पॅकिंगला सिलंट लावायचं का?

लातूर_बोरिंग:
डिस्क अजिबात नको. अॅल्युमिनियमला खड्डे पडतात, शिवाय तिची बारीक पूड ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते. सिलिंडरमध्ये कापड कोंबा आणि प्लास्टिकच्या खरवडणीने धीराने काढा. सिलंटही नको, मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर पॅकिंग कोरडंच बसतं. बोल्टच्या भोकांतलं पाणी-ऑइल हवेने काढा. ते राहिलं तर आवळताना त्याला जायला वाट नसते, टॉर्क खोटा दिसतो, कधी ब्लॉकच तडकतो. बसवताना मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा; शेवटचा आकडा तुमच्याच गाडीच्या मॅन्युअलचा. बेल्ट चढवल्यावर क्रँक हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा बघा, नंतर टॅपेट (वॉल्व्हची फट) लावा.

नांदेड_मेकॅनिक:
खरी गोष्ट अजून कुणी विचारली नाही. गाडी तापली कशाने? आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी ओततात. त्यातला क्षार नळ्यांत आणि ब्लॉकच्या पाणीवाटांत थर धरतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात इंजिनाची उष्णता बाहेर पडत नाही. अॅल्युमिनियमचं हेड लोखंडी ब्लॉकपेक्षा जास्त पसरतं, पॅकिंग त्या दोघांत चेपतं-घासतं आणि शेवटी उडतं. रेडिएटर तसाच ठेवून पॅकिंग बदललंत तर याच उन्हाळ्यात पुन्हा हेड खोलाल. पितळी कोअर असेल तर टाकी उघडून रॉड मारून (नळ्यांत सळई घालून) साफ करून घ्या. प्लास्टिक टाकीचा चोंदलेला कोअर सरळ बदला. फॅनचा स्विच, वॉटर पंप आणि रेडिएटरचं झाकणही तपासा. झाकणाची स्प्रिंग गेली की पाणी लवकर उकळतं.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. हे पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं, फक्त अॅसिडचा कॅन उचलू नका. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करा. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. मग झाकण लावा आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. गरम असताना झाकण पुन्हा उघडायचं नाही.

जुन्या ऑइलमध्ये पाणी गेलंय, ते एकदा बदलून पूर्ण निघत नाही. आता स्वस्तातलं भरा, 200-300 किमीनंतर ऑइल आणि फिल्टर परत बदला, चांगलं ऑइल तेव्हा घाला.