प्रतिसाद: कॉन्सर्ट बुडवला म्हणून ग्रेड कापली
'भाचीच्या लग्नामुळे शाळेच्या बँडचा कॉन्सर्ट चुकला तर मुलाची ग्रेड कापली, हा अन्याय आहे,' असं तुम्ही वर लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी मीही अगदी हेच म्हणाले असते.

आमचा मुलगा सहावीत शाळेच्या बँडसाठी क्लॅरिनेट (फुंकून वाजवायचं वाद्य) घरी घेऊन आला, सोबत चार पानी नियमावली. 'बँडच्या वर्गात च्युइंग गम नाही' वाचून मी हसले होते. मग क्लॅरिनेटच्या कळा चिकटायला लागल्या. दुकानदाराने उघडून दाखवलं तर कळांखालच्या गाद्यांवर गोड चिकटा. चिरंजीव डब्यातली चिक्की खाऊन थेट वाजवायला बसायचे! आता आधी चूळ, मग क्लॅरिनेट. आणि वाजवून झालं की रीड (तोंडाशी बसवायची पातळ पट्टी) काढून, पुसून डबीत. तशीच राहिली तर बुरशी धरते.

कॉन्सर्टचं म्हणाल, तर गणिताच्या पेपरला एक मूल नसलं तर बाकीच्यांचं काही अडत नाही. इथे बँडमध्ये दोनच ट्रॉम्बोन (खालच्या सुरांचं पितळी वाद्य), त्यातला एक गैरहजर, की खालचा आवाज निम्मा झाला. आमच्याकडे तारखा ऑगस्टमध्येच देतात. तुम्ही आधी ईमेल केला होता का? आमच्या सरांनी एकदा बदल्यात घरचं रेकॉर्डिंग चालवून घेतलं होतं.

मला न पटणारा नियम वेगळाच, प्रॅक्टिस शीटवरची (घरी किती मिनिटं सराव केला त्या तक्त्यावरची) पालकांची सही. रविवारी रात्री आठवड्याची मिनिटं एकदम भरणारे पालक इथे कमी नसतील (मी त्यातलीच). त्यापेक्षा वर्गात चार बार (सुरावटीचे छोटे तुकडे) वाजवून घ्या ना!

आणि कॉन्सर्टचे काळे बूट सप्टेंबरात घेऊ नका. डिसेंबरपर्यंत पाय वाढतो.