शेजाऱ्याच्या कुंपणाचा पत्रा वादळात उडाला, तर भरपाई कोणी द्यायची?

मूळ लेखन (लातूर)
मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात शेजारच्या काकांच्या बागेच्या पत्र्याच्या कुंपणातील एक पत्रा उडून आमच्या गच्चीवरील सोलर हीटरवर आदळला. सात काचनळ्या फुटल्या आणि दुरुस्तीला ११,५०० रुपये लागले. काका म्हणतात, "वारा काय मला विचारून सुटला होता का?" हा पत्रा एप्रिलपासूनच रात्री धडधडत होता, मी त्यांना दोनदा सांगितलेही होते, आणि प्रत्येक वेळी "मिस्त्री आला की बघू" एवढेच उत्तर मिळाले. त्यामुळे भरपाई त्यांनीच द्यावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (परभणी)
मला हे पटत नाही. ज्या वादळात विजेचे खांब आडवे होतात, त्यात कुंपणाच्या मालकाला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे. इंग्लंडमधील १८७६ च्या निकोल्स विरुद्ध मार्सलँड खटल्यात अतिवृष्टीने तलावांचे बांध फुटून पूल वाहून गेले, तरी ती दैवी आपत्ती मानून मालकिणीला जबाबदारीतून मुक्त करण्यात आले होते. शेजारधर्म म्हणूनही काही असतेच.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर)
त्या खटल्यातील पाऊस आठवणीत नसेल इतका मोठा होता, आणि बांधांच्या कामात हलगर्जी नव्हती, हेही सांगायला हवे. आपल्याकडे वळीव दरवर्षी येतो. त्याला अनपेक्षित कसे म्हणायचे? इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक ८७५ (भाग ३) आमच्या शहरासाठी ३९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, हा मूळ वेग धरते. ताशी ७२ किलोमीटर वाऱ्याचाही दाब चौरस मीटरला साधारण २४ किलो येतो. आठ फुटी पत्र्यावर साठेक किलोंचा रेटा झाला. तेवढा रेटा गंजलेल्या दोन बोल्टांनी पेलावा, अशी अपेक्षा करणेच चूक. पत्रा नेमका कुठून सुटला, ते पाहिले का?

मूळ लेखन (लातूर)
पाहिले. बोल्टाची भोके लांबट झाली असून त्यांच्या कडेला गंजाचे तांबूस कडे आहे. पत्रा बरेच दिवस हलत असल्याखेरीज असे होत नाही. मात्र एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या रोपांवरच्या हिरव्या जाळीची दोरी मी त्याच कुंपणाच्या लोखंडी अँगलला बांधली होती, आणि वादळानंतर तो अँगल आमच्या बाजूला वाकलेला दिसला.

प्रतिसाद (परभणी)
म्हणजे कुंपण काकांचे आणि ओढ तुमची! हे पहिल्याच लेखनात यायला हवे होते.

प्रतिसाद (नांदेड, वकील)
जाळीमुळे दावा संपत नाही, पण भरपाईतील काही वाटा तुमच्या माथी येऊ शकतो. मुख्य प्रश्न मालकाच्या निष्काळजीपणाचा आहे, आणि तो सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर असतो. कुंपण सैल झाल्याचे माहीत असूनही ते दुरुस्त केले नाही, हे दाखवता आले तर निव्वळ वाऱ्याकडे बोट दाखवून मालकाला सुटता येत नाही. तुमची अडचण एवढीच की दोन्ही सूचना तोंडी होत्या. वादळापूर्वी मोबाईलवर एक ओळ जरी पाठवली असती, तरी आज तुमचे पारडे जड असते. तलाठ्याच्या पंचनाम्यावरही विसंबू नका, तो सरकारी मदतीसाठी असतो आणि शेजाऱ्याची चूक ठरवत नाही. एवढ्या रकमेसाठी दिवाणी दावा टाकण्यापेक्षा तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज करा. लोकअदालतीत तडजोड झाली, तर तिच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. तोवर तो पत्रा भंगारात देऊ नका आणि वाकलेला अँगलही सरळ करू नका.

मूळ लेखन (लातूर)
पत्रा जिन्याखाली ठेवला आहे. उद्या जाळीची दोरी सोडतो आणि काकांना अँगल दाखवायला बोलावतो. अर्धा खर्च ते देतील का, हे तिथेच विचारीन.

प्रतिसाद (परभणी)
अर्ध्याला माझी हरकत नाही. नवे बोल्ट मात्र काकांच्या खर्चाने, आणि मृगाच्या आत.