'जीन एक्सप्रेशन'ला मराठीत काय? अभिव्यक्ती, प्रकटन की अजून काही

एका जीवाणूचे जीन्स दुसऱ्यात जातात त्यावर मराठीत लिहितोय आणि एक्सप्रेशन (जीनवरून प्रथिन बनणं) या शब्दापाशी गाडं अडलंय. अभिव्यक्ती हा पुस्तकी शब्द आहेच, पण तो ऐकला की मला भाषणस्वातंत्र्य आठवतं, साल्मोनेला जीवाणूचा जीन कुठे मत मांडतोय? प्रकटन म्हटलं तर पेपरातलं जाहीर प्रकटन. रोजच्या बोलण्यातलं काही सुचतंय का?

— चालू होणं म्हणा की सरळ. जीन ऑन झाला.

— नाही हो, ते काय दिव्याचं बटण आहे? कमी-जास्त पण असतं ना. इंटेग्रॉन घ्या, म्हणजे जीवाणूच्या डीएनएतला एक भाग, बाहेरून आलेले जीन्स तिथे एकामागे एक रांगेत बसतात, बहुतेकांकडे स्वतःचा प्रमोटर, म्हणजे जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा, नसतोच, रांगेच्या तोंडाशी एकच असतो तो सगळ्यांना. म्हणजे पंगतीसारखं, पहिल्या पानावर भरभरून आणि शेवटच्या पानापर्यंत येईतो पातेल्यात खडखडाट. मागे बसलेला अँटिबायोटिकला दाद न देणारा रेझिस्टन्सचा जीन असून नसल्यासारखा. गंमत म्हणजे काही अँटिबायोटिक्सनी डीएनएला मार बसला की इंटिग्रेज हे जीन्स कापून-जोडणारं एन्झाइम जागं होतं, पानं इकडची तिकडे होतात आणि मागचा कधी कधी पुढे येऊन बसतो!

— मला 'वटणं' आवडेल. चेक हातात पडला म्हणजे पैसे मिळाले असं नाही, तसंच डीएनए आत आला, क्रोमोसोममध्ये जाऊन बसला तरी प्रथिन बनेल तेव्हाच जीन वटला. साल्मोनेलात एच-एनएस नावाचं प्रथिन आहे, ते ए आणि टी ही अक्षरं जास्त असलेल्या डीएनएवर ठाण मांडून बसतं, आणि परके जीन्स बऱ्याचदा तसलेच असतात. २००६ मध्ये हे नीट कळलं. खडूस कॅशियर म्हणा ना, अनोळखी चेक दिसला की ठेवला बाजूला, कारण सगळेच वटवत बसलं तर जीवाणूचंच दिवाळं निघायचं. मग साल्मोनेला मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या आपल्या पेशीत शिरला की एसएसआर-बी हे दुसरं प्रथिन येऊन त्याला बाजूला सारतं, तेव्हा तिथे लागणारे जीन्स वटतात.

— फक्त ट चा ठ होऊ देऊ नका. भूमिका वठते तिथवर ठीक, पण झाडही वठतं, म्हणजे वाळतं. 'जीन वठला' वाचून निम्मे लोक म्हणतील गेला बिचारा.

— वटणं झकास आहे, घेतो. पण चेक एकतर वटतो नाहीतर परत येतो, थोडासा वटला असं कोण म्हणतं? त्यामुळे पंगतवाल्यांची हरकत राहतेच. एच-एनएसच्या भागात वटणं लिहितो आणि जिथे प्रमाण सांगायचंय तिथे मुकाट्याने अभिव्यक्ती. बरं, जीन्स असे दुसऱ्यात जाण्याला हॉरिझॉन्टल जीन ट्रान्सफर म्हणतात, त्यातल्या हॉरिझॉन्टलचं काय करू? क्षैतिज कोणाला कळत नाही आणि आडवं म्हटलं तर पेशंटच आडवा झाला असं वाटेल.

— 'परस्पर' कसं वाटतं? आईकडून वारशाने नाही, शेजाऱ्याकडून परस्पर मिळवलेला जीन.