गोधडीची कातरण मांजराच्या गादीत भरावी का?

निळी बॉबिन:
गोधडी झाली की उरलेले तुकडे, कातरण, बॅटिंगच्या (गोधडीच्या दोन कापडांमध्ये घालतात त्या मऊ भरावाच्या) पट्ट्या सगळं एका खोळीत कोंबायचं आणि झाली कुत्र्या-मांजराची गादी, हा सल्ला शिवणाच्या गप्पांत नेहमी मिळतो. माझा त्याला ठाम विरोध आहे, आणि मांजराच्या बाबतीत तर जास्तच.

कातरणीत दोरे असतात. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. त्यामुळे दोरा जिभेला लागला की तो थुंकता येत नाही, गिळलाच जातो. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलं की आतडं त्या दोऱ्यावर नाडीवर चुण्या पडाव्यात तसं गोळा होतं. दोरा ताणला गेला की आतड्याची भिंत कापली जाते. मग ऑपरेशनशिवाय इलाज नसतो.

तुकडे वापरायचेच असतील तर सपाट चटई शिवा. कापड आधी धुऊन घ्या, दोन थरांत पातळ बॅटिंग घाला, कडा आत दुमडून दुहेरी शिलाई मारा. बटणं, मणी, लेस काही नको.

टाकाऊ काही नाही:
सहमत नाही. चटईला चांगले मोठे तुकडे लागतात. प्रश्न बोटभर रुंदीच्या पट्ट्यांचा आहे, त्या कचऱ्यातच जाणार का? जाड कापडाची आतली खोळ, तिला चेन, वर धुण्याचा अभ्रा. दोरा बाहेर येणार कुठून? भीती खोळ नीट न शिवण्याची असावी, कातरणीची नव्हे.

शेपटीवाली:
दोरे बाजूला ठेवू. भरलेली गादी धुणार कशी? पिसवांची अंडी जनावराच्या अंगावरून अंथरुणात गळतात आणि अळ्या तिथेच उजेडापासून लपून वाढतात. म्हणून अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात, कापडाला सोसत असेल तर 60 अंशांवर, धुवायला हवं. कातरणीची गादी ओली झाली की उचलत नाही. वरून कोरडी वाटली तरी आत दमट राहते आणि वास धरते. शिवाय चिंध्या एका कोपऱ्यात जमून गोळे होतात. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला त्यावर झोपवणं मला पटत नाही, त्याला फोमच हवा.

टाकाऊ काही नाही:
त्यालाही उपाय आहे. एक मोठी खोळ करू नका. उशीच्या आकाराचे सुटे कप्पे शिवा आणि ते एका अभ्र्यात शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येक कप्पा वेगळा धुता येतो, लवकर वाळतो, गोळाही एका जागी होत नाही. चिंध्या मात्र बारीक कापून भरा, लांब पट्ट्या तशाच टाकल्या की पीळ बसतो. आणि भरण्याआधी हाताने चाचपा, कातरणीत टाचण्या हमखास सापडतात.

उसवण:
मुळात शिवायचं कशाला? मांजर आपल्या वासाच्या जुन्या टॉवेलवर जास्त निवांत झोपतं. तुकड्यांतून जनावरांच्या गळ्यात बांधायला शिवतात त्या रुमालांबद्दलही बोला कुणीतरी. गाठ मारलेला रुमाल कशात अडकला तर गळा आवळतो. बांधायचाच असेल तर पट्टा आरपार जाईल असा बोगदा शिवा, आणि मांजराचा पट्टा ताण पडताच सुटणारा हवा.

निळी बॉबिन:
@टाकाऊ काही नाही, सुटे कप्पे चांगले आहेत, मोठ्या शांत कुत्र्यासाठी मी हरकत घेणार नाही. पण दात शिवशिवणारं पिल्लू चेन उचकटतं, आणि मांजर नखांनी शिवण उकलतं. कापड कितीही जाड असलं तरी शिवणीची जागा तीच राहते. त्यामुळे मांजरासाठी माझं मत तेच आहे.

आणि कुणाच्याही मांजराच्या तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. ओढल्याने आतलं आतडं फाटू शकतं. तसंच उचलून थेट डॉक्टरकडे न्या.

टाकाऊ काही नाही:
दोऱ्याचं मान्य, मी दोरे वेगळ्या डब्यातच टाकते. कातरण मात्र भरणारच.